साउथॉलचा ट

माझी मावसबहीण लंडनच्या पश्चिमेला, हाउन्स्लोमध्ये राहते. आधी ते सगळे दक्षिणेकडच्या सटनमध्ये होते. हाउन्स्लोला घर घेतलं तेव्हा थोरली मुलगी बारा वर्षांची होती आणि धाकटा मुलगा तीन वर्षांचा. घरात दोघांशीही पहिल्यापासून मराठीच. आई सांगलीची, वडील कऱ्हाडचे. शुभंकरोतीपासून थालीपिठापर्यंत दोघांना मिळालं ते सारखंच. तरी आज दोघांचं इंग्रजी डोळे मिटून ऐकलं, तर ही सख्खी भावंडं आहेत असं कुणी म्हणणार नाही. मुलगी बोलते ते दक्षिण लंडनमधल्या तिच्या गोऱ्या वर्गमैत्रिणींसारखं. मुलगा मात्र ‘टाइम’, ‘टाउन’, ‘टीचर’ म्हणतो तेव्हा त्यातला ट आपल्या टोपीतल्या, टाळीतल्या ट-सारखा टणक वाजतो.

ताईला ही गोष्ट फार लागून राहिली होती. एकदा फोनवर म्हणाली, “अगं, हा इथेच लहानाचा मोठा झाला, इथल्याच शाळेत गेला आणि इंग्रजी बोलतो ते आपल्यासारखं. घरात मराठी बोललो, ते चुकलं का गं आमचं?”

परदेशात मुलं वाढवणाऱ्या किती मराठी घरांत हा प्रश्न अडकून बसलेला असतो! कित्येक जण या एका भीतीपोटी मुलांशी मराठी बोलणं सोडून देतात. म्हणून ताईच्या मुलाच्या ट-चा माग काढायचाच, असं मी ठरवलं. तो माग तिच्या स्वयंपाकघरात लागला नाही. तो लागला तिच्या घरापासून बसने जाता येईल अशा साउथॉलमध्ये.

आधी तो ट नीट ऐकू

शाळेत व्याकरणाच्या तासाला आपण दंत्य आणि मूर्धन्य शिकलो होतो. त म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांना टेकतं. ट म्हणताना ते मागे वळून टाळूला लागतं. इंग्रजीतला टी या दोघांच्या मधला: जीभ दातांच्या मागच्या हिरडीच्या उंचवट्याला टेकते. आपल्याकडे त्या जागेवर म्हणायचा त-ट सारखा वर्णच नाही. मग आपला कान तो आवाज जवळच्या कप्प्यात टाकतो, आणि आपण टेबल, ट्रेन, तिकीटघरातला ‘टाइमटेबल’ हे सगळे शब्द ट-ने लिहितो. दुसरं म्हणजे, शब्दाच्या सुरुवातीचा टी इंग्रज माणूस हवेचा झोत सोडून म्हणतो, आपण तो झोत सोडत नाही. त्यामुळे आपला ट इंग्रजांच्या कानाला जास्तच कोरडा लागतो.

लंडनच्या सामान्य माणसाच्या तोंडी आणखी एक टी असतो, आणि तो शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी येतो. ‘वॉटर’ म्हणताना तो जीभ कुठेच टेकवत नाही. घसा क्षणभर बंद करतो आणि पुढे जातो. ऐकायला ‘वॉ-अ’ येतं. हा आवाज आपल्याला परका नाही. लहान मूल मान हलवत हट्टाने ‘अं-अं’ म्हणतं, तेव्हा दोन ‘अं’च्या मध्ये घसा असाच मिटतो. त्याला घशातला टी म्हणू.

तेव्हा साउथॉलच्या माणसापुढे निदान तीन टी असतात: टाळूचा, हिरडीचा आणि घशाचा. कोण कुठला, कधी आणि कुणाशी बोलताना वापरतो, त्याभोवतीच हे सगळं प्रकरण आहे.

साउथॉल कसं घडलं

साउथॉल हीथ्रो विमानतळाच्या शेजारी आहे. स्टेशनवर उतरलं की गावाचं नाव इंग्रजीबरोबर गुरुमुखीतही लिहिलेलं दिसतं. १९५०च्या दशकात इथल्या वूल्फ नावाच्या रबर कारखान्यात पंजाबी कामगार येऊ लागले. १९५७च्या सुमाराला त्यांची इंडियन वर्कर्स असोसिएशन उभी राहिली. पुढे विमानतळावरची कामं मिळू लागली, गावाकडून भाऊबंद आले, बायका-मुलं आली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस केनियातून आणि १९७२ मध्ये युगांडातून बाहेर पडावं लागलेली भारतीय कुटुंबंही आली.

यातलं एक पान माझ्या मते या प्रकरणाच्या मुळाशी आहे. १९६३ मध्ये साउथॉलमधल्या बीकन्सफील्ड रोड शाळेतल्या गोऱ्या पालकांनी, शाळेत भारतीय मुलं फार झाली, अशी तक्रार केली. शिक्षणमंत्री एडवर्ड बॉइल स्वतः तिथे आले. त्यानंतर सरकारी धोरण ठरलं, की कुठल्याही शाळेत स्थलांतरितांची मुलं एक तृतीयांशाच्या वर जाऊ द्यायची नाहीत. मग साउथॉलमधल्या लहान लहान मुलांना रोज सकाळी बसमध्ये बसवून लांबच्या शाळांत पोचवायला लागले. गोऱ्या मुलांना कुणी बसमध्ये बसवलं नाही. सत्तरच्या दशकातही ही पद्धत चालूच होती.

त्या बसमधल्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. सकाळी घरी पंजाबी. दिवसभर शाळेत हातावर मोजण्याइतकी आपली मुलं, बाकी सगळी गोरी, आणि त्यांतली काही अंगावर येणारी. संध्याकाळी परत साउथॉल: गुरुद्वारा, काका-मामा, वडिलांचे कारखान्यातले मित्र. बाहेरचं वातावरणही तसंच तापलेलं. १९७६ मध्ये अठरा वर्षांच्या गुरदीपसिंग चग्गरचा भर रस्त्यात खून झाला. २३ एप्रिल १९७९ला नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाच्या सभेविरुद्ध निदर्शनं झाली, त्यात ब्लेअर पीच हा शिक्षक मारला गेला. ३ जुलै १९८१ला हॅम्ब्रो टॅव्हर्न हा पब जळाला. या मुलांना लंडनचं इंग्रजी अस्सल यायलाच हवं होतं, नाहीतर शाळेत मार. आणि घरच्या वळणाचं इंग्रजीही जिवंत ठेवायला हवं होतं, नाहीतर वस्तीत परकेपणा.

देवयानी शर्मा यांना काय आढळलं

भाषाशास्त्रज्ञ देवयानी शर्मा यांनी बेन रॅम्प्टन आणि लावण्या शंकरन यांच्यासोबत साउथॉलच्या पंजाब्यांच्या इंग्रजीचा अभ्यास केला. त्यावरचे महत्त्वाचे लेख २०११ मध्ये आले. माणसांचे तीन गट होते. भारतात वाढून इथे आलेले. इथे जन्मलेले किंवा वाढलेले, पण वयाने मोठे, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांत लहानपण गेलेले. आणि इथेच जन्मलेले, पण नंतर वाढलेले तरुण.

भाषाशास्त्रातला जुना समज असा, की स्थलांतरितांच्या पहिल्या पिढीच्या बोलण्यात मायबोलीची छाप असते आणि दुसऱ्या पिढीत ती पुसली जाते. साउथॉलमध्ये तसं झालं नव्हतं. दुसऱ्या पिढीतल्या मोठ्या वयाच्या लोकांत टाळूचा ट चांगला ठाण मांडून होता. पण त्याच लोकांच्या तोंडी घशातला टीही होता, अगदी लंडनच्या गोऱ्या कामगाराच्या तोंडी असतो तसा. म्हणजे दुसरा टी येत नाही म्हणून पहिला उरला, असं म्हणायला जागाच नव्हती. दोन्ही येत होते, आणि कुठला काढायचा ते समोरचा माणूस बघून ठरत होतं.

हे सापडलं ते अभ्यासाच्या पद्धतीमुळे. एका माणसाची एकच मुलाखत घेऊन हिशेब मांडला असता, तर सरासरीत सगळं झाकलं गेलं असतं. त्यांनी तोच माणूस वेगवेगळ्या लोकांशी बोलताना कसा बोलतो, याची ध्वनिमुद्रणं मिळवली आणि टी, शब्दाच्या शेवटचा एल, ‘फेस’मधला स्वर, ‘गोट’मधला स्वर यांची मोजदाद केली. एल आणि हे स्वरही मराठी कानाला कळण्यासारखे आहेत. आपला ल ‘बेल’ म्हणताना शेवटपर्यंत लख्ख राहतो, लंडनकराच्या तोंडी तो विरघळून ‘बेओ’सारखा होतो. आपण ‘फेस’ एका सरळ ए-ने म्हणतो, जुना लंडनकर ‘फाइस’च्या जवळ जातो. मोठ्या वयाच्या पुरुषांत ही सगळी चक्रं माणसागणिक एकदम फिरायची. भारतीय वळणाच्या माणसाशी सगळी एका बाजूला, कॉकनी, म्हणजे लंडनच्या कामगारवर्गाचं इंग्रजी, बोलणाऱ्याशी सगळी दुसऱ्या बाजूला.

साउथॉल ब्रॉडवेवर कापडाच्या एका दुकानात मी हे स्वतः ऐकलं आहे. साठीच्या आसपासचे मालक. मी ओढण्या बघत होते, तेवढ्या वेळात त्यांचे दोन फोन झाले. पहिला माल आणणाऱ्या व्हॅनवाल्याचा. त्याच्याशी ‘गॉ इट’, ‘बे-अ लेट’ असं सगळं घशातून, एल विरघळलेला. दुसरा फोन जालंधरचा. त्यावर इंग्रजी-पंजाबी मिसळून, पण इंग्रजी शब्द आले की ‘टोटल’मधले दोन्ही ट टाळूचे आणि शेवटचा ल लख्ख. फोन ठेवून माझ्याकडे वळले तेव्हा तिसरंच, मधलं इंग्रजी. आपण काही विशेष केलं असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. साडीच्या दुकानात गिऱ्हाईक बघून विक्रेता गठ्ठा बदलतो, तितक्या सहज.

तरुणांमध्ये, विशेषतः तरुण मुलग्यांमध्ये, ही उलटापालट फार कमी आढळली. टाळूचा ट कमी झालेला, पण गेलेला नाही. घशातला टी भरपूर. आणि दोन्ही एकाच बोलण्यात मुरलेले, मित्राशी तेच आणि बाहेर तेच. कारण त्यांचं लहानपण वेगळं होतं. बस बंद झाल्या होत्या. शाळेत बहुसंख्य मुलं त्यांच्यासारखीच होती. दोन जगांच्या मध्ये दिवसातून दोनदा उडी मारायची गरज उरली नव्हती. साउथॉलचं म्हणून एक इंग्रजी तयार झालं होतं आणि ते सगळीकडे पुरत होतं.

मला या अभ्यासातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. रक्त तेच, मायबोली तीच, वस्ती तीच. फक्त वीस-पंचवीस वर्षांच्या अंतराने शाळेचं पटांगण बदललं आणि इंग्रजीची घडणच बदलली. धंद्याचाही यात भाग आहे. मोठ्या पिढीतल्या पुरुषांचा भारताशी व्यवहार होता, इथल्या गोऱ्या दुकानदारांशी, मेकॅनिकशी रोजचा संबंध होता. दोन्हीकडे तोंड द्यावं लागे. ज्यांना असा वावर नव्हता, त्यांच्या बोलण्याचा पल्लाही तेवढा रुंद नव्हता.

याच शहराच्या दुसऱ्या टोकाला

साउथॉलवरून सगळ्या लंडनचा निष्कर्ष काढता येत नाही. पूर्वेकडच्या हॅकनीत जेनी चेशर, पॉल केर्सविल, सू फॉक्स आणि आयविंड टोर्गरसन यांनी २००४ पासून काही वर्षं काम केलं. तिथे एकाच समाजाची बहुसंख्या नाही. जमैकाच्या, नायजेरियाच्या, घानाच्या, तुर्की, बांगलादेशी घरांतली आणि गोऱ्या घरांतलीही मुलं एकाच इमारतीत, एकाच वर्गात. तिथे जे इंग्रजी घडलं ते कुठल्याच एका समाजाचं म्हणता येत नाही. ‘दॅट’चा ‘डॅट’, ‘फेस’मधला ए जवळजवळ सरळ, आणि जुना कॉकनी माणूस गाळायचा तो एच परत आलेला. असं बोलण्याचं प्रमाण मुलाच्या कातडीच्या रंगापेक्षा त्याची मित्रमंडळी किती मिश्र आहेत यावर जास्त अवलंबून होतं. मिश्र टोळक्यातला गोरा मुलगा आपल्या आजोबांच्या कॉकनीपासून लांब गेला होता. त्याच वेळी शहराच्या काठावरच्या, त्या काळी बऱ्याच अंशी गोऱ्या असलेल्या हेव्हरिंगमध्ये जुन्या वळणाचं इंग्रजी टिकून होतं.

टॉवर हॅम्लेट्समध्ये सू फॉक्स यांनी युवा केंद्रातल्या मुलांचं बोलणं अभ्यासलं. तिथे बांगलादेशी मुलग्यांच्या बोलण्यातली वळणं त्यांच्यात मिसळणाऱ्या गोऱ्या मुलग्यांनी उचललेली दिसली. छाप नेहमी नव्याने आलेल्यावरच पडते, हा समज तिथे मोडतो.

न्यूयॉर्कची गोष्ट आणखी निराळी. विल्यम लबॉव्ह यांच्या १९६६च्या अभ्यासात लोअर ईस्ट साइडवरच्या इटालियन घरांतले लोक ‘बॅड’मधला स्वर जीभ जास्त वर उचलून म्हणत होते, तर ज्यू घरांतले ‘कॉफी’मधला. त्यांनी असं सुचवलं, की आईवडिलांच्या परक्या उच्चारापासून दूर पळताना पुढची पिढी उलट्या बाजूला थोडी जास्तच गेली. साउथॉलमध्ये मुलांनी आईवडिलांचा आवाज जवळ ठेवला, तिथे त्यापासून लांब उडी घेतली. दोन्हीकडे समाजाची छाप पडली, पण दोन वाटांनी.

ताईच्या घरी परत

आता तिच्या मुलाचा ट. तो मराठीतून आला असता तर एकटा कसा आला असता? आपल्या इंग्रजीवर मराठीची छाप पडते ती अनेक जागी. दोन ओठ मिटून ‘फोन’ म्हणतो, ‘झू’ आणि ‘झीरो’मध्ये झ आणतो, ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ लिहिताना वेगळे लिहिले तरी बोलताना एक करतो. हा मुलगा यातलं काहीच करत नाही. त्याचा एफ दातांनी ओठ दाबून येतो, झेड गुणगुणतो, व्ही आणि डब्ल्यू वेगळे. त्याचा एल लंडनकरासारखा विरघळतो, ‘वॉटर’ घशातून येतं. फक्त शब्दाच्या सुरुवातीला, तोही अधूनमधून, टाळूचा ट. साउथॉल-हाउन्स्लोकडच्या त्याच्या पंजाबी मित्रांच्या तोंडी आहे तसाच. तो त्यांच्यातच वाढला, वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं तीच होती. पंजाबीचा ट आणि मराठीचा ट कानाला इतके सारखे, की ताईला तो आपल्या घरातला वाटला.

दुसरा पुरावा तिच्या मुलीचा. मराठी तीच, किंबहुना तिची मराठी भावापेक्षा चांगली. तिच्या इंग्रजीत टाळूचा ट औषधालाही नाही. ती बारा वर्षांची होईपर्यंत सटनच्या शाळेत होती आणि तिथे वर्गात तिच्याखेरीज एखाद-दुसरंच भारतीय मूल. मुलांचं बोलणं कधी घराचं आणि कधी सवंगड्यांचं होतं, हे केर्सविल आणि ॲन विल्यम्स यांच्या मिल्टन कीन्सच्या अभ्यासात छान दिसतं. नव्याने वसवलेलं शहर, सगळीकडून आलेली कुटुंबं. चार वर्षांच्या मुलांचे उच्चार आईच्या जवळचे होते, आठ आणि बारा वर्षांची मुलं एकमेकांसारखी बोलू लागली होती. ताईची मुलगी हाउन्स्लोत आली तेव्हा तिचं इंग्रजी बरंचसं बसलेलं होतं. मुलाचं तिथेच, तिथल्या सवंगड्यांत बसलं.

लंडनमध्ये मराठी माणसं पुष्कळ आहेत, पण विखुरलेली. गणपतीला, दिवाळीला एकत्र येतात आणि आपापल्या उपनगरात परततात. शाळेचं पटांगण भरून जाईल इतकी मराठी मुलं एका जागी कुठेच नाहीत, म्हणून लंडनमध्ये मराठी वळणाचं इंग्रजी असं काही घडलेलं नाही. मराठी मुलं ज्या वस्तीत वाढतात, त्या वस्तीचं इंग्रजी उचलतात.

ताईची खरी भीती पुढची होती: नोकरीच्या मुलाखतीत या ट-मुळे मुलगा मागे पडेल. ही भीती मी खोटी म्हणणार नाही. ऐकणाऱ्याच्या मनात काय असतं, त्याचा इथे फार मोठा हात आहे. डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना एकाच अमेरिकन बाईच्या आवाजातलं व्याख्यान ऐकवलं. काहींना गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई बाईचा. आशियाई चेहरा पाहिलेल्यांपैकी अनेकांना त्याच आवाजात परके उच्चार ऐकू आले, आणि व्याख्यानही त्यांना कमी कळलं. आवाजात काडीचा फरक नव्हता. तेव्हा मुलाने उद्या ट घासूनपुसून काढला, तरी त्याचा चेहरा बघून ऐकणाऱ्याच्या कानात तो वाजू शकतो. त्याचं ओझं मुलावर आणि घरातल्या मराठीवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

हे सगळं मी ताईला एका रविवारी तिच्या घरी बसून सांगितलं. तिने मुलाला हाक मारली आणि ‘टाइमटेबल’ म्हणायला लावलं. तो हसून म्हणाला. पहिला ट टाळूचा होता, दुसरा हिरडीवरचा, आणि शेवटचा ल बाहेरच आला नाही. ताईने त्याला पुन्हा म्हणायला लावलं, मग स्वतः म्हणून पाहिलं. तिचे दोन्ही ट टाळूचे आणि ल लख्ख. तिने आणखी एकदा म्हणून पाहिलं, आणि मग मुलाला मराठीत म्हणाली, “बरं, आजीला फोन लाव, तिकडे आता संध्याकाळ झाली असेल.”